पीळ

माझ्या बापाने एक गिरकी केली होती.
अंगठ्याएवढी, पितळेची,
लांब दोराला जिथे गळाची फांदी फुटते तिथे बसवायची.
मासा तडफडला की ती फिरे,
दोराला पीळ बसत नसे.

गिरक्या आधीही होत्या. पण आमच्या लोफोटेनच्या फेब्रुवारीत
त्या गोठायच्या, आणि वर यायचे
मासे कमी, गुंता जास्त.
ही गोठली नाही. का नाही, ते बापाला
हातांनी माहीत होतं, तोंडाने नाही.

म्हणून बर्गेनचा वकील.
त्याने त्या हातांचं एक वाक्य केलं,
एकेचाळीस ओळींचं,
मध्ये कुठेतरी "ज्याचे वैशिष्ट्य असे की",
आणि पूर्णविराम थेट शेवटी,
दोराच्या टोकाला नांगर असतो तसा.
बाप ते मोठ्याने वाचायचा. श्वास पुरायचा नाही.

मी विचारलं, म्हणजे आता ही फक्त आपणच करायची?
म्हणाला, करायला काय, करतच होतो.
आता दुसऱ्याला नको म्हणता येतं.
सरकारने आपल्याला एक "नको" दिलाय.
वीस वर्षं टिकेल.

त्या नकोला दरवर्षी खायला लागायचं,
वाढत्या अंगाच्या पोरासारखं, दरवर्षी जास्त.
बाराव्या वर्षाची फी मी भरली:
धक्क्यावर कॉडची मुंडकी खिळ्यावर टोचून
एक ओढ, एक काप,
जिभा.
चौदाशे. मोजल्या होत्या.

त्याआधी, तिसऱ्या वर्षी,
खाडीपलीकडच्या सिग्वार्ट म्यूर्नेसने
तशाच गिरक्या घडवल्या. चाळीस.
स्वतःच्या बोटीपुरत्या; विकली एकही नाही.
बर्गेनहून पत्र गेलं.
त्याने सगळे दोर सोडवले,
चाळीसच्या चाळीस बादलीत घालून
आमच्या पायरीवर ठेवल्या
आणि बोलणं टाकलं.

सतरा वर्षं.
चर्चमध्ये मात्र एकाच बाकावर,
कारण हीटर त्या एकाच बाकाखाली.
दोराचा पीळ काढणारा माझा बाप,
आणि त्याचा स्वतःचा?
सुंभ जळला तरी.

खरं तर लपवलेलं काहीच नव्हतं.
सौदाच तसा होता: गुपित सगळं सांगून टाक,
मग आम्ही इतरांचे हात धरून ठेवतो.
आकृती एक ते चार, ऑफिसात कुणालाही बघायला खुल्या.
वाचा, समजून घ्या, झोपेत पाठ म्हणा.
फक्त करू नका.

शेवटच्या रात्री बाप घड्याळासमोर बसला.
मी म्हटलं, झोप, ते काय दारातून बाहेर जाणार आहे का.
बारा वाजले.
काहीच निसटल्याचा आवाज आला नाही.
फ्रीज तेवढा घरघरला.

सकाळी सिग्वार्ट आला. बूट न काढता
टेबलाशी बसला आणि खिशातून एक गिरकी काढली.
रात्रीच केलेली, कडा अजून बोचऱ्या.
बापाने चष्मा लावला.
ही तिरकी खाच कसली?
पाणी निघून जायला.
माझ्या वाक्यात नाही ही.
नाही ना. सतरा वर्षं वाचतोय मी ते.

बापाने तिला टिचकी मारली.
ती फिरत राहिली, आमच्यापेक्षा जास्त वेळ,
मला कान आहेत.
ती थांबल्यावर त्याने विचारलं, नोंदवलीस?

सिग्वार्टने कॉफी ढवळली, साखर न घालताच.
एक्क्याऐंशी पुरी झाली मला, एइलर्ट.
आता आणखी वीस वर्षं
कुणाला नको म्हणत बसू?

बाप काही बोलला नाही.
मग मला विचारलं, ती बादली कुठेय.
खाली, जुन्या जाळ्यांमागे, म्हटलं,
हिरव्या पडल्यात सगळ्या.
आण, म्हणाला.
आणि कानस आण. बारीकवाली.
दोन असतील तर दोन.